बैठकीत मांडी घालून बसलं की रेंजफाइंडरचा फोकस चुकतो, उभं राहून चुकत नाही. असं का?

खर्ज | सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. मामाचा कॅनोनेट क्यूएल१७ जी-थ्री हा फिल्मचा रेंजफाइंडर कॅमेरा माझ्याकडे आला त्याला आता वर्ष होईल. ४० मिमीची एफ १.७ लेन्स, पानांचं शटर, त्यामुळे आवाज अगदी बारीक. घरगुती बैठकांसाठी याहून चांगला कॅमेरा मला परवडणारा नाही आणि नकोही आहे. आमच्या ओळखीत पुण्यात दोन-तीन घरी महिन्याला गाणं होतं. तीसेक माणसं, सतरंजी, समोर हातभर उंचीची बैठक, सगळे जमिनीवर. मी पुढच्या रांगेत बसते. गायिका माझ्यापासून सव्वा ते दीड मीटरवर असते.

श्रावणातल्या दोन बैठकांत एचपी५ या कृष्णधवल फिल्मचे दोन रोल काढले, १६०० ला पुश केले (उजेड कमी म्हणून फिल्म जास्त वेळ धुतली). बहात्तर फ्रेम्समधल्या अकरा नीट आल्या. बाकी सगळ्या थोड्या मऊ. 'थोड्या' हेच जास्त लागतं. चेहरा ओळखू येतो, भाव कळतो, पण डोळे धारदार नाहीत.

घरी उभं राहून कॅलेंडरवर फोकस करून पाहिला तर आकडे लख्ख वाचता येतात. व्ह्यूफाइंडरच्या मधोमध जो छोटा पॅच असतो त्यातल्या दोन प्रतिमा (त्या एकावर एक बसल्या की फोकस जुळला) बैठकीतही नीट जुळलेल्या दिसतात, मग क्लिक करते, तरी चुकतं. एफ १.७ म्हणजे लेन्स पूर्ण उघडी, शटर १/६० किंवा १/३० सेकंद, असं एक्स्पोजर होतं. काय चुकतंय?

निवांत_नाशिककर | सोमवार, रात्री ११:२०

आधी एक काम करा. स्कॅन पाहू नका, निगेटिव्ह दिव्यावर धरून भिंगातून बघा. प्रत्येक मऊ फ्रेममध्ये *दुसरं* काही धारदार आलंय का ते शोधा. कान, मागची तानपुरेवाली, भिंतीवरची खुंटी, पुढचा माइक, काहीही. काहीतरी धारदार असेल तर फोकस चुकलाय. काहीच धारदार नसेल तर हात हलला. हे दोन वेगळे आजार आहेत, औषधं वेगळी आहेत.

फोकस चुकला असेल तर पुढे चुकला की मागे, तेही लिहा.

घाटावरचा | मंगळवार, सकाळी ७:०५

एफ ४ ला काढा, सगळे प्रश्न मिटतील.

खर्ज | मंगळवार, रात्री ९:५०

काका, बसले आणि मोजलं. एकसष्ट मऊ फ्रेम्स. त्यातल्या सतरांत काहीच धारदार नाही, म्हणजे हात. उरलेल्या चव्वेचाळीसपैकी चाळिसांत फोकस मागे गेलाय. एका फ्रेममध्ये गायिकेच्या कानातली कुडी इतकी स्वच्छ आलीय की मोती मोजता येतात आणि डोळे धुक्यात. दुसऱ्या दोन फ्रेम्समध्ये मागच्या तानपुऱ्याच्या खुंट्या धारदार आहेत.

घाटावरचा, एफ ४ म्हणजे १.७ पासून जवळजवळ अडीच स्टॉप, आणि दर स्टॉपला उजेड निम्मा. १/६० चं १/११ होईल. मग त्या सतरा फ्रेम्सच्या साठ होतील.

निवांत_नाशिककर | मंगळवार, रात्री १०:३०

छान मोजलंत. चाळीस फ्रेम्स एकाच दिशेला चुकल्या आहेत, तेव्हा हा योगायोग नाही. दोनच शक्यता उरतात. कॅमेरा बिघडलाय, नाहीतर बसल्यावर तुमचं शरीर दर वेळी तीच गोष्ट करतंय. आधी कॅमेऱ्यावरचा संशय फेडून टाकू.

एक, अनंत. रात्री फोकस अनंतावर ठेवून चंद्राकडे बघा. पॅचमध्ये दोन चंद्र दिसता कामा नयेत, एकच दिसला पाहिजे.

दोन, जवळचं अंतर. फिल्म नसताना मागचं दार उघडा. फिल्म ज्या दोन पट्ट्यांवर सपाट बसते त्यांच्यावर ट्रेसिंग पेपरचा तुकडा ताणून चिकटपट्टीने लावा. शटर बी वर ठेवा, लेन्स पूर्ण उघडी, बटण दाबून धरा. कागदावर उलटी प्रतिमा दिसेल. खोलीत अंधार करून समोर मेणबत्ती किंवा मोबाइलच्या पडद्यावरचं अक्षर ठेवा. रेंजफाइंडरने १.२ मीटरवर फोकस करा आणि कागदावरची प्रतिमा भिंगातून तपासा. अंतर मोजताना टेप लेन्सच्या तोंडापासून नको, फिल्मच्या प्रतलापासून धरा.

हे दोन्ही जुळलं तर कॅमेरा निर्दोष.

झोर्कीप्रेमी | बुधवार, दुपारी १:१५

थोडं अवांतर, पण कुणाच्या उपयोगी पडेल. कॅमेरा निर्दोष असून लेन्स निर्दोष नसते, असंही होतं. माझी ज्युपिटर-८ ही सोव्हिएत लेन्स झोर्की-४ या सोव्हिएत कॅमेऱ्यावर ठाकठीक चालते. तीच मित्राच्या लायकावर अडॅप्टरने लावली तर लांबचं ठीक आणि मीटरभरावर एफ २ ला फोकस सरकलेला. सोव्हिएत लेन्स काँटॅक्स या जर्मन कॅमेऱ्याच्या मापाने बांधलेल्या आणि लायकाचं माप किंचित वेगळं, म्हणून अनंताला जुळतं आणि जवळ येताना फारकत होते. कॅनोनेटची लेन्स निघतच नाही, तेव्हा खर्जताईंना ही भीती नाही.

खर्ज | शनिवार, रात्री १:१०

विसर्जन आटोपून आत्ता गच्चीवर जाऊन आले. चतुर्दशीचा चंद्र, ढग बाजूला व्हायची वीस मिनिटं वाट पाहिली. पॅचमध्ये एकच चंद्र. ट्रेसिंग पेपरचं काम काल केलं. उलटी मेणबत्ती कागदावर पाहिली तेव्हा अंगावर काटा आला, इतकी सुंदर दिसते. १.२ मीटरवर वात धारदार, १ मीटरवरही.

म्हणजे कॅमेरा ठीक. दोष माझ्या बसण्यात आहे.

निवांत_नाशिककर | शनिवार, सकाळी ८:४०

आता खरा मुद्दा. जरा आकडेमोड करू, कारण तिच्यावाचून हे पटत नाही.

४० मिमी, एफ १.७, अंतर १.२ मीटर. धारदार दिसणारी पट्टी एकूण साधारण ९ सेंमी, म्हणजे फोकस बिंदूच्या पुढे साडेचार आणि मागे साडेचारच्या किंचित वर. डोळ्यापासून कानापर्यंतचं अंतरही जवळपास ९-१० सेंमी. तुमची कुडी धारदार आली याचा अर्थ फोकस तेवढा मागे पडला.

मांडी घालून बसल्यावर शरीराची बिजागरी कुठे असते? कंबरेत. कंबरेपासून डोळ्याला लावलेल्या कॅमेऱ्यापर्यंत ६५ सेंमी धरा. तुम्ही कंबरेतून फक्त ५ अंश पुढे कललात तर कॅमेरा साडेपाच सेंमीच्या वर पुढे जातो. पाच अंश म्हणजे घड्याळाच्या काट्याचं एक मिनिटसुद्धा नाही. तेवढ्यात तुमची पुढची साडेचार सेंमी संपली.

कॅमेरा पुढे गेला की फोकसचं प्रतलही त्याच्याबरोबर पुढे सरकतं, गायिकेच्या डोळ्यांना ओलांडून कानाकडे. तुमच्या चाळीस फ्रेम्स मागे फोकस झाल्या त्या अशा.

उभं असताना माणूस असा कलला तर तोल जातो, पाय लगेच सांगतात. मांडी घातल्यावर बूड इतकं रुंद असतं की दहा अंश कललं तरी शरीर तक्रार करत नाही. बसणं स्थिर वाटतं आणि म्हणूनच घात होतो.

आता आठवून सांगा. पॅच जुळवल्यावर क्लिक करण्याआधी तुम्ही काय करता?

खर्ज | शनिवार, सकाळी ९:३०

काका, हे वाचून मी आरशासमोर सतरंजी टाकून बसले आणि तीच कृती केली.

पॅच मधोमध असतो, म्हणून आधी चेहरा मधोमध घेऊन जुळवते. मग चेहरा वर हवा आणि खाली हात, तानपुऱ्याचा भोपळा हवा, म्हणून फ्रेम खाली आणते. ती खाली आणताना मी मनगट वळवत नाही, कंबरेतून वाकते. आरशात स्वच्छ दिसलं. हातभर नाही, पण चार बोटं नक्की. शिवाय तान सुरू झाली की गाण्याकडे आपसूक ओढली जाते, तीही पुढेच.

अर्धी_मात्रा | शनिवार, सकाळी ११:००

काकांच्या हिशेबाला पुरवणी. चेहरा मधोमध घेऊन मग फ्रेम सरकवली की फोकस मागे जातो, हे बरोबरच. पण नुसतं वळवण्याचं नुकसान किती? उभ्या फ्रेममध्ये चेहरा मधून वरच्या एक-तृतीयांश रेषेवर न्यायचा तर ४० मिमीला साडेआठ अंश वळावं लागतं. १.२ मीटरवर त्याने जेमतेम सव्वा सेंमी चूक होते. ती पट्टीत सहज खपते. म्हणजे गुन्हेगार वळणं नाही, वाकणं आहे. फ्रेम बदलताना डोकं आणि कॅमेरा एकत्र, मानेतून वळवा. कंबर जागेवर ठेवा.

मी तबला शिकतो, फोटोही काढतो. आम्हाला पहिल्या दिवशी बैठकच शिकवतात. नितंबाखाली दुमडलेली चादर किंवा पातळ उशी घ्या, चार बोटं उंच. गुडघे नितंबांपेक्षा खाली गेले की पाठ आपोआप सरळ होते आणि तास-दीड तास सरळ राहते. गुडघे वर असले की कंबर गोल होते, वीस मिनिटांत पोक येतो आणि तुम्ही हळूहळू पुढे सरकत राहता. कळतही नाही.

सतरंजी | शनिवार, दुपारी ४:२५

मी गाते. कॅमेऱ्यातलं कळत नाही, पण तुमचे फोटो ज्यांचे निघतात त्यांच्या बाजूने थोडं सांगते.

खर्ज, आम्हीही जागेवर नसतो गं. स्वरमंडल मांडीवर असलं की तारा छेडताना मान खाली जाते. आलापात बरेचदा डोळे मिटून स्थिर. बोलआलापाला हात पुढे येतो आणि हातामागून खांदा. द्रुत तानेत तर वीतभर पुढे-मागे होतं. पण एक जागा अशी आहे जिथे आम्ही परत येतो. सम, तालाची पहिली मात्रा. मुखडा पकडून समेवर आलं की शरीर आपल्या मूळ जागी येऊन टेकतं. मी माझे स्वतःचे व्हिडिओ पाहिलेत, दर आवर्तनात डोकं जवळजवळ त्याच ठिकाणी येतं.

विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, एकतालाचं बारा मात्रांचं एक आवर्तन मिनिटभराचं सुद्धा असतं. तुला घाई कसली? समेवर चेहरा कुठे येतो ते दोन आवर्तनं बघ, त्या जागेवर फोकस लावून ठेव आणि आम्ही यायची वाट पहा. आमच्यामागे धावू नकोस.

आणि एक मनापासूनची विनंती. आलापातल्या शांततेत क्लिक नको. समेवर तबल्याची थाप असते, त्यात तुझं बटण विरून जाईल.

अर्धी_मात्रा | शनिवार, दुपारी ४:४०

सतरंजीताई, हे सोनं आहे. वाचनखूण साठवली.

फिल्म पुढे ढकलायची कळसुद्धा थापेवरच ओढा. कॅनोनेटच्या शटरपेक्षा कळीची करकर जास्त ऐकू येते.

खर्ज | शनिवार, रात्री १०:१५

ताई, मी तीन वर्षं गाणं शिकले आणि हे कधी सुचलं नाही. समेला फोटो काढायचा तर मात्रा मोजत बसावं लागेल, म्हणजे गाणंही ऐकून होईल. आत्तापर्यंत पॅचच्या नादात अर्धं गाणं निसटायचं, त्याची खंत होतीच.

अजून एक अडचण. कधीकधी पॅच जुळल्यासारखा दिसतो आणि तरी अंतर भलतंच निघतं. पेटीवाल्याच्या फोटोंत हे जास्त झालंय. चव्वेचाळीसपैकी उरलेल्या चार फ्रेम्स, ज्यांत फोकस पुढे पडलाय, त्या सगळ्या पेटीच्या आहेत.

निवांत_नाशिककर | रविवार, सकाळी ७:५५

पेटीच्या पट्ट्या! त्यांच्यावर कधीही फोकस करू नका.

रेंजफाइंडर दोन खिडक्यांतून बघतो आणि एक प्रतिमा आडवी सरकवून दुसरीवर बसवतो. एकसारख्या उभ्या रेघा शेजारी शेजारी असल्या की तुमची तिसरी पट्टी दुसरीच्या चौथ्या पट्टीवर बसते. डोळ्याला ते तंतोतंत जुळल्यासारखंच दिसतं. तानपुऱ्याच्या चार तारा, सतारीच्या तारा, खिडकीचे गज, बारीक उभ्या रेघांचा कुर्ता, सगळ्यांचं तेच. एकुलती एक उभी कड शोधा. चष्म्याची दांडी, नाकाची कड, कुडतं मधोमध मिटतं तिथली पट्टी, दंडावरची शेल्याची किनार. स्त्रिया गात असतील तर टिकलीसारखं दुसरं लक्ष्य नाही. गोल आहे, एकटी आहे आणि डोळ्यांच्या जवळपास त्याच प्रतलात आहे.

भुवया, ओठ, पेटीची वरची फळी या आडव्या रेघा. त्या कितीही सरकवल्या तरी जुळल्यासारख्याच दिसतात. आडवीच रेघ हाताशी असेल तर कॅमेरा उभा धरा.

माइकच्या दांडीचा मोह टाळा. ती उभी आहे, एकटी आहे, ठळक आहे, पण गायिकेच्या वीतभर पुढे आहे.

जाता जाता, खिडक्यांमधलं अंतर (रेंजफाइंडरचा पाया) आणि व्ह्यूफाइंडरची पट यांचा गुणाकार जितका जास्त तितकी अचूकता जास्त. १९५४ च्या लायका एम३ मध्ये पाया ६८.५ मिमी आणि व्ह्यूफाइंडर ०.९१ पटीचा, गुणाकार साधारण ६२ मिमी. एम६ चा ०.७२ पटीचा व्ह्यूफाइंडर धरला तर ५० च्या आसपास. कॅनोनेटचा पाया याहून बराच तोकडा आहे, म्हणून त्याला स्वच्छ, एकटी कड लागतेच. पण ४० मिमी लेन्सला तो पुरतो, काळजी नसावी.

चाकं_आणि_लेन्स | रविवार, दुपारी १२:१०

धागा सुरुवातीपासून वाचतोय. मी व्हीलचेअरवर असतो, त्यामुळे माझी सगळी छायाचित्रणाची कारकीर्द बसूनच झाली आहे. काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

खुर्चीत कंबर जागची हलत नाही असं लोकांना वाटतं. हलते. ब्रेक लावले तरी टायर दबतात आणि पुढे झुकलं की खुर्ची अंगठाभर पुढे डुलते. पुढची दोन छोटी चाकं मागे वळलेली असतील तर जास्तच. म्हणून जागेवर आल्यावर मी खुर्ची किंचित मागे घेतो, म्हणजे ती छोटी चाकं पुढच्या बाजूला फिरतात. टेकू लांब होतो आणि पुढचं डुलणं थांबतं. मग ब्रेक.

दुसरं, मी पाठ टेकवूनच फोकस करतो आणि पाठ टेकलेली असतानाच बटण दाबतो. पाठीला टेकू लागतोय की नाही, एवढी एकच खूण. डोळ्याने काही तपासावं लागत नाही. खर्ज, तुम्ही जमिनीवर बसता, तुम्हाला भिंत किंवा खांब मिळतो का बघा. पाठीला खांब लागला की तुमचे ते पाच अंश पुढे गेले तर पाठच सांगेल.

तिसरं, मी अंतर आधी मोजून ठेवतो. कार्यक्रमाच्या आधी, कलाकार यायच्या अगोदर, आयोजकांची परवानगी घेऊन, माइकपासून माझ्या कॅमेऱ्यापर्यंत सुतळी धरतो. दोन गाठी. एक गाठ कलाकाराच्या चेहऱ्यासाठी, दुसरी साथीदारासाठी. लेन्सवर तेवढ्या दोन जागा बोटाला पाठ. नंतर पॅच फक्त खातरजमेपुरता.

एक खंतही बोलून टाकतो. जुन्या वाड्यांतल्या, पहिल्या मजल्यांवरच्या बहुतेक बैठकांना मी येऊच शकत नाही. माझं बहुतेक काम सभागृहांत, खुर्च्यांच्या कडेच्या जागेतून झालं. जमिनीवरच्या बैठकीत समोरून, डोळ्याला डोळा, असा फोटो मी अजून काढलेला नाही.

सतरंजी | रविवार, दुपारी १२:४०

दादा, तुमच्या सुतळीच्या गाठी आता मी कधी विसरणार नाही. आणि शेवटचं वाचून वाईट वाटलं. आम्ही गाणाऱ्यांनीही घर ठरवताना जिन्याचा विचार करायला हवा.

घाटावरचा | रविवार, दुपारी ३:३०

माझ्या त्या एका ओळीबद्दल. एफ ४ नको, मान्य. पण एफ २.८ चा विचार करा. १.२ मीटरवर पट्टी ९ वरून १५ सेंमी होते. प्रकाशाचं नुकसान दीड स्टॉपच्या आत. जिथे १/६० मिळत होता तिथे १/३० घ्या, निगेटिव्ह किंचित पातळ येईल, एचपी५ तेवढं सांभाळून घेतं. समेवर माणूस स्थिर असतो असं ताई म्हणतात, तर १/३० पुरेल. तुमचे हात स्थिर करणं तेवढं राहिलं.

त्यासाठी: एक गुडघा उभा करून बसा, दुसरी मांडी तशीच. उभ्या गुडघ्यावर कोपर टेकवू नका. हाडावर हाड डुगडुगतं. कोपराच्या वरचा दंडाचा मांसल भाग गुडघ्याच्या पुढे टेकवा, तो रुततो. दुसरं कोपर बरगडीला. श्वास सोडून झाल्यावर जो क्षणभर थांबतो तिथे बटण.

सतरंजीवर लोड असतील तर एक मांडीवर घेऊन दोन्ही कोपरं त्यावर ठेवली तरी चालतं. पण लोड मऊ असतो, पाच मिनिटांत खाली बसतो. गुडघा खात्रीचा.

झोर्कीप्रेमी | रविवार, सायं. ६:००

आणखी एक देशी उपाय. कॅमेऱ्याच्या बुडाला ट्रायपॉडचा जो आटा असतो त्यात बसणारा पाव इंची बोल्ट हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. त्याला सुती दोरी बांधा, खाली फास करून तो मांडीखाली दाबून बसा आणि कॅमेरा वर ओढून दोरी ताठ ठेवा. वर-खाली हलणं जवळजवळ बंद होतं. खर्जताईंच्या प्रश्नाला याचा दुसराही फायदा आहे. दोरी मांडीपाशी अडकलेली असल्यामुळे पुढे वाकलात की ती सैल पडते. लगेच हाताला कळतं.

खर्ज | सोमवार, रात्री ९:२०

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. नवरात्रात पाचव्या माळेला बैठक आहे. तोवर रोज रात्री पंधरा मिनिटं सराव: सतरंजीवर बसून, उशी खाली घेऊन, समोर खुर्चीवर तानपुरा टेकवून. फिल्मशिवाय.

निवांत_नाशिककर | सोमवार, रात्री ९:४५

सराव अंधुक प्रकाशात करा. दिवसाच्या उजेडात पॅच सगळ्यांना दिसतो. आणि डोळे मिटून कळ फिरवायची सवय करा: १ मीटर, १.२, १.५. कॅनोनेटच्या फोकसची कळ थोडक्यात फिरते, त्यामुळे बोटाला अंतर पाठ होणं फार अवघड नाही.

खर्ज | तीन आठवड्यांनी, मंगळवार

धागा वर आणते आहे. पाचव्या माळेचा रोल धुऊन आला.

छत्तीसपैकी पंचवीस धारदार!

कसं केलं ते लिहिते, म्हणजे पुढे कुणी शोधत आलं तर सापडेल. तासभर आधी गेले. यजमानीणबाईंना विचारून खांबाशेजारची जागा मागितली, खांब पाठीला. चादर चौपदरी घडी करून खाली. सुतळीला दोन गाठी, गायिकेसाठी सव्वा मीटर, तबल्यासाठी एक ऐंशी. बोल्ट-दोरी पहिल्या अर्ध्या तासात काढून ठेवली. गुडघा उभा करून बसल्यावर ती आड येते, दोन्ही एकत्र जमत नाही. गुडघा निवडला. पूर्ण वेळ एफ २.८, १/३०.

विलंबित चालू झाल्यावर पहिली तीन आवर्तनं कॅमेरा मांडीवरच ठेवला आणि नुसतं पाहिलं. ताई म्हणाल्या तसंच. गायिकेचं डोकं तानपुऱ्याच्या खुंटीला अगदी खेटून येऊन थांबायचं, दर समेला. मी टिकलीवर पॅच जुळवला, मान वळवून फ्रेम लावली आणि तिथेच राहिले. दहावी मात्रा, अकरावी, बारावी, डोकं परत आलं, थाप, क्लिक. माझ्या शेजारच्या आजींना कळलंही नाही.

एक फ्रेम पुन्हापुन्हा पाहते आहे. सम नुकतीच आलीय, डोळे अजून मिटलेले आहेत आणि पापणीच्या केसांची सावली गालावर पडलीय. ती सावली धारदार आहे. कुडी किंचित मऊ. महिनाभरापूर्वीच्या फ्रेमच्या बरोबर उलट.

न जमलेल्या अकरांचा हिशेब: सहा द्रुतमधल्या, मी राहवेना म्हणून तानेमागे धावले. तीन, पाय मुंगवल्यावर बैठक बदलली आणि सुतळीचं अंतर विसरले तेव्हाच्या. दोन, हात हलल्याच्या.

अर्धी_मात्रा | मंगळवार

पाय बदलला की पहिलं काम पॅच पुन्हा जुळवणं. गुडघा डावीकडून उजवीकडे गेला की धड सुद्धा तीन-चार बोटं सरकतं.

निवांत_नाशिककर | मंगळवार

पंचवीस! अभिनंदन. द्रुतमध्ये काढायचंच असेल तर सरळ समोरून नको, कडेने बसा. गायिकेचं पुढे-मागे होणं तुमच्यासाठी डावं-उजवं होतं आणि अंतर फारसं बदलत नाही.

सतरंजी | मंगळवार

ती पापणीची फ्रेम गायिकेला मोठी करून दे. आम्हाला आमचा समेवरचा चेहरा कधी दिसत नाही.

खर्ज | मंगळवार, रात्री

देते ताई. उद्याच प्रिंटला टाकते. काका, कडेने बसण्याचं पुढच्या वेळी नक्की करते.

चाकं_आणि_लेन्स, तुमच्यासाठी खास. कोजागिरीची बैठक माझ्या मावशीकडे, कोथरूडला ठरली आहे. तळमजला आहे, अंगणात गाणं आहे, दाराला उंबरा नाही. मी आज टेप घेऊन जाऊन दाराची रुंदी मोजली, ८६ सेंमी. बैठकीच्या पुढ्यात डावीकडची जागा तुमच्यासाठी राखून ठेवायला सांगितली आहे आणि त्या दिवशी गाणाऱ्यांसाठी दोन फूट उंचीचा चौथरा आहे, म्हणजे खुर्चीतून डोळ्याला डोळा येईल. याल का?

चाकं_आणि_लेन्स | मंगळवार, रात्री ११:५५

माझी खुर्ची ६४ सेंमी. येतो. सुतळी मी आणतो.